संकेतस्थळाचे नाव : नोंदणी, बदल आणि हस्तांतरण

संस्थेची जागा कोणाच्या नावावर आहे, बँकेतील खात्यावर कोणाच्या सह्या चालतात, दप्तर कोणाकडे असते, हे प्रश्न प्रत्येक वार्षिक सभेत कोणी ना कोणी विचारतोच. ते योग्यच आहे. माणसे येतात आणि जातात. संस्था राहिली पाहिजे. परंतु गेल्या पंधरा-वीस वर्षांत बहुतेक संस्थांच्या दप्तरात एका नव्या वस्तूची भर पडली आहे, आणि तिच्याबद्दल सभेत सहसा प्रश्न निघत नाही. ती वस्तू म्हणजे संस्थेच्या संकेतस्थळाचे नाव, ज्याला डोमेन नाव म्हणतात. लेटरहेडवर, पावतीपुस्तकावर, शिष्यवृत्तीच्या अर्जावर ते छापलेले असते. मात्र ते कोणाच्या नावावर नोंदले आहे, त्याची मुदत केव्हा संपते आणि ते एका हातातून दुसऱ्या हातात द्यावयाचे असल्यास काय करावे लागते, हे ठाऊक असणारा सभासद विरळा.

प्रस्तुत लेखात आम्ही या विषयाची ओळख करून देत आहोत. आम्ही संगणकशास्त्राचे पदवीधर नाही. बँकेच्या काउंटरमागे बसून सह्या, ठराव आणि खात्यांच्या नोंदी तपासण्यात आमची वर्षे गेली आहेत. परंतु हा विषय यंत्राचा कमी आणि नोंदीचा अधिक आहे. ज्याला बँकेचे खाते समजते, त्याला डोमेन नावही समजेल, असा आमचा अनुभव आहे.

डोमेन नाव म्हणजे काय?

इंटरनेटवरील संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसाला आकडे लक्षात ठेवणे कठीण, म्हणून नावांची व्यवस्था निघाली. पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९८३ साली तिचा आराखडा मांडला. आपण नाव टाईप करतो, व्यवस्था त्या नावासमोरचा आकडा शोधून देते. ही नावे सांभाळणारी साखळी तीन पायऱ्यांची आहे.

पहिली पायरी रजिस्ट्रीची. रजिस्ट्री म्हणजे मूळ खतावणी. डॉट कॉमची खतावणी व्हेरिसाईन ही कंपनी ठेवते. भारताच्या डॉट इनची खतावणी २००३ साली स्थापन झालेल्या निक्सी या संस्थेकडे आहे. दुसरी पायरी रजिस्ट्रारची. लोकांकडून अर्ज व पैसे घेऊन खतावणीत नाव चढविणारी ही कंपनी होय. तिसरी पायरी नोंदणीधारकाची, म्हणजे तुमची आमची. डॉट कॉम, डॉट ऑर्ग यांसारख्या सर्वसाधारण नावांचे नियम १९९८ साली स्थापन झालेली आयकॅन ही संस्था ठरवते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 'नाव विकत घेतले' असे आपण बोलतो, पण ते कायमचे विकत मिळत नाही. डॉट कॉमसारखे नाव एका वेळी कमीत कमी १ व जास्तीत जास्त १० वर्षांसाठी नोंदता येते आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते. म्हणजे हा प्रकार जमिनीच्या खरेदीखतापेक्षा लॉकरच्या भाड्याला जवळचा आहे. भाडे भरत राहावे, किल्ली जपावी, आणि लॉकर कोणाच्या नावावर आहे ते विसरू नये.

तीन वेगळे व्यवहार

लोकांचा सर्वांत जास्त घोटाळा होतो तो येथे. हस्तांतरण या एका शब्दाखाली तीन निरनिराळे व्यवहार झाकले जातात.

पहिला व्यवहार रजिस्ट्रार बदलण्याचा. नाव तेच, धारक तोच; फक्त ज्या कंपनीमार्फत नोंद आहे ती कंपनी बदलते. मोबाईलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय आपल्याकडे २० जानेवारी २०११ पासून देशभर सुरू झाली. १९०० या क्रमांकावर 'पोर्ट' असा संदेश पाठवायचा, मिळालेला कोड नव्या कंपनीला द्यायचा, ही रीत आता घराघरांत माहीत आहे. रजिस्ट्रार बदलणे अगदी याच जातीचे आहे. १९९९ पर्यंत डॉट कॉमची नोंदणी नेटवर्क सोल्युशन्स या एकाच कंपनीकडे होत असे, त्यामुळे कंपनी बदलण्याचा प्रश्नच नव्हता. १९९९ साली इतरांना परवानगी मिळाली, स्पर्धा आली आणि बदलाचे नियम करावे लागले.

दुसरा व्यवहार धारक बदलण्याचा. येथे रजिस्ट्रार तोच राहू शकतो, पण नाव एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे किंवा संस्थेकडे जाते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर पहिला व्यवहार खाते एका शाखेतून दुसऱ्या शाखेत नेण्याचा, तर दुसरा खातेदारच बदलण्याचा.

तिसरा व्यवहार नावच बदलण्याचा. याचे ताजे उदाहरण आमच्याच क्षेत्रातले आहे. फसव्या संकेतस्थळांना आळा बसावा म्हणून रिझर्व्ह बँकेने २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाच्या नावावर येण्यास सांगितले. या नावांची नोंदणी हैदराबाद येथील आयडीआरबीटी या एकाच संस्थेमार्फत होते. हे हस्तांतरण नव्हे, नवे नाव घेणे आहे. जुने नाव त्यामुळे आपोआप सुरक्षित होत नाही. पासबुकांवर व पत्रकांवर ते छापलेले असते, म्हणून नव्या नावावर गेल्यानंतरही जुन्या नावाचे भाडे भरीत राहणे शहाणपणाचे.

या तिन्हीत जे येत नाही तेही सांगितले पाहिजे. संकेतस्थळाची पाने, फोटो आणि ईमेलच्या पेट्या ज्या संगणकावर असतात त्या जागेला होस्टिंग म्हणतात. ते स्वतंत्र आहे. नाव दुसऱ्याकडे दिले म्हणून पाने जात नाहीत, आणि पाने दुसरीकडे हलवली म्हणून नाव जात नाही. नाव ही दारावरची पाटी, होस्टिंग ही खोली.

दोन प्रकरणे

नोंदीत ढिलाई झाली तर काय होते, हे दोन जुन्या प्रकरणांवरून दिसते.

गॅरी क्रेमेन या अमेरिकन गृहस्थाने १९९४ साली एक डॉट कॉम नाव आपल्या ऑनलाइन क्लासिफाइड्स या व्यवसायाच्या नावे नोंदले होते. नाव प्रौढ विषयाचे असल्याने येथे देत नाही. पण बाजारात त्याला फार मोठी किंमत होती. ऑक्टोबर १९९५ मध्ये स्टीफन कोहेन नावाच्या इसमाने नेटवर्क सोल्युशन्सकडे एक पत्र दाखल केले. कंपनीने हे नाव सोडून देण्याचे ठरविले आहे व ते कोहेन यांना देण्यास हरकत नाही, असा त्याचा मजकूर होता. कंपनीला स्वतःचे इंटरनेट कनेक्शन नसल्याने पत्र कोहेन यांच्यामार्फत पाठवीत आहोत, असेही त्यात लिहिले होते! जिच्या नावातच ऑनलाइन आहे त्या कंपनीकडे इंटरनेट नाही, ही शंका कोणास आली नाही. पत्र बनावट होते. मूळ धारकाला एक साधी विचारणा न करता नाव कोहेन यांच्याकडे वर्ग झाले.

क्रेमेन यांना नाव परत मिळण्यास नोव्हेंबर २००० उजाडला. २००१ साली न्यायालयाने त्यांना ६ कोटी ५० लाख डॉलर देण्याचा हुकूम केला, पण कोहेन देश सोडून गेले होते. २००३ साली वरिष्ठ न्यायालयाने असे ठरविले की डोमेन नाव ही मालमत्ता आहे आणि ती भलत्याच्या हाती देणाऱ्या रजिस्ट्रारलाही जाब विचारता येतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००४ साली सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, असा निर्णय दिला आहे.

दुसरे प्रकरण जानेवारी २००५ चे. पॅनिक्स ही न्यूयॉर्कमधील सर्वांत जुन्या इंटरनेट सेवा कंपन्यांपैकी एक. शनिवार-रविवारच्या सुट्टीत तिचे नाव तिच्या नकळत ऑस्ट्रेलियातील एका रजिस्ट्रारकडे वर्ग झाले. ग्राहकांचे ईमेल भलतीकडे जाऊ लागले. नाव परत जागेवर येईपर्यंत ती सुट्टी संपली होती. नव्या रजिस्ट्रारने धारकाची खातरजमा करण्याचे काम आपल्या मध्यस्थाकडे सोपवले होते आणि ते नीट झाले नव्हते.

दोन्ही प्रकरणांचा बोध एकच आहे. नाव कोण वापरतो, त्यावर कोणी मेहनत घेतली, याला ऐनवेळी किंमत नसते. खतावणीत काय लिहिले आहे आणि खातरजमेचा निरोप कोणाकडे जातो, यालाच किंमत असते. आजचे कोड आणि कुलुपे लोकांना त्रासदायक वाटतात, पण नाव कोणाच्या तरी एका पत्राने जाऊ नये यासाठीच ती आहेत.

रजिस्ट्रार बदलण्याची रीत

रजिस्ट्रार बदलण्याची कारणे अनेक असतात. नूतनीकरणाचे दर वाढतात, फोनला उत्तर मिळत नाही, किंवा कंपनीच आपले काम दुसऱ्यास विकते. जून २०२३ मध्ये गूगलने आपली डोमेन नोंदणीची सेवा स्क्वेअरस्पेस या कंपनीला विकत असल्याचे जाहीर केले, तेव्हा सुमारे १ कोटी नावे धारकांनी न मागता दुसऱ्या दुकानात गेली. स्वतःहून बदल करावयाचा असल्यास पुढील क्रम ठेवावा. यातील दिवसांचे आकडे डॉट कॉम, डॉट ऑर्ग आदी सर्वसाधारण नावांचे आहेत. डॉट इनसारख्या देशवार नावांचे नियम त्या त्या देशाची रजिस्ट्री ठरवते, म्हणून काम सुरू करण्याच्या दिवशी रजिस्ट्रारच्या पानावरील नियम वाचून घ्यावेत.

१. सद्यःस्थिती पाहावी. आयकॅनच्या लुकअप पानावर नाव टाकले की रजिस्ट्रार कोण, मुदत केव्हापर्यंत आणि कुलूप आहे की नाही, हे दिसते. २०१८ साली युरोपात खासगी माहितीचा कायदा लागू झाल्यापासून धारकाचे नाव व ईमेल तेथे बहुधा झाकलेले असतात. ते पाहण्यासाठी रजिस्ट्रारकडील खात्यातच शिरावे लागते.

२. नाव कोवळे नाही ना, हे पाहावे. नवी नोंदणी किंवा मागील बदल होऊन ६० दिवस झाले नसतील तर रजिस्ट्रार बदल अडविला जातो.

३. धारकाचा ईमेल चालू आहे याची खात्री करावी. सगळे निरोप तेथेच येतात. मात्र धारकाचे नाव, संस्थेचे नाव किंवा ईमेल बदलला तर तो धारकबदल समजला जाऊन पुन्हा ६० दिवसांचे कुलूप लागू शकते. काही रजिस्ट्रार ते नको असल्याचे आधी नोंदविण्याची मुभा देतात. ती बदलापूर्वीच घ्यावी लागते.

४. नेमसर्व्हरच्या नोंदी उतरवून ठेवाव्यात. नाव टाकल्यावर कोणत्या संगणकाकडे जायचे व ईमेल कोठे पोचवायचे, हे या नोंदी सांगतात. त्या जुन्या रजिस्ट्रारच्याच सेवेवर असतील तर बदलानंतर ती सेवा बंद होऊन संकेतस्थळ व ईमेल दोन्ही ठप्प होऊ शकतात. म्हणून या नोंदी आधी नव्या ठिकाणी तयार कराव्यात, नेमसर्व्हर बदलावेत, दोन दिवस सर्व सुरळीत चालते हे पाहावे आणि मगच रजिस्ट्रार बदलास हात घालावा.

५. कुलूप काढून कोड मागावा. खात्यात 'ट्रान्सफर लॉक' असा पर्याय असतो, तो बंद करावा व हस्तांतरणाचा कोड घ्यावा. खात्यातून कोड मिळत नसेल तर मागणी केल्यापासून ५ दिवसांत तो देणे रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. हा कोड म्हणजे सही केलेला कोरा चेक समजावा. व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नये.

६. नव्या रजिस्ट्रारकडे अर्ज करावा, कोड द्यावा व पैसे भरावेत. साधारणतः यात एका वर्षाचे नूतनीकरण येते आणि ते वर्ष शिल्लक मुदतीत मिळविले जाते. उरलेली मुदत वाया जात नाही. मात्र एकूण मुदत १० वर्षांपुढे जात नाही.

७. जुन्या रजिस्ट्रारचा ईमेल येईल. बदलास हरकत आहे काय, असे त्यात विचारलेले असते. ५ दिवसांत हरकत आली नाही तर बदल मंजूर होतो. म्हणजे येथे मौन ही संमती आहे. आपणच अर्ज केला असेल तर हे सोयीचे. पण दुसऱ्या कोणी केला असेल आणि तो ईमेल कोणी वाचतच नसेल, तर नाव निघून जाते.

८. बदल झाल्यावर कुलूप पुन्हा लावावे, दुहेरी पडताळणी सुरू करावी आणि नवी मुदत तपासून वहीत लिहावी.

पुढील वर्षाचे नूतनीकरण आमच्याकडे करा, तरच सोडू, असे जुना रजिस्ट्रार म्हणू शकत नाही. मागील मुदतीचे पैसे थकले असतील, धारकाच्या ओळखीबद्दल वाद असेल, न्यायालयाचा हुकूम असेल किंवा फसवणुकीचा पुरावा असेल, तर मात्र तो नकार देऊ शकतो.

धारक बदलण्याची रीत

आता संस्थांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा भाग. समजा, एका कल्याणकारी मंडळाचे संकेतस्थळ एका उत्साही तरुण सभासदाने करून दिले. त्या वेळी घाई होती, संस्थेचे कार्ड नव्हते, म्हणून त्याने आपल्या खात्यातून, आपल्या ईमेलवर, आपल्या पैशाने नाव नोंदले. हेतू शुद्ध होता. पुढे त्याला परगावी नोकरी लागली, ईमेल बदलला, फोन बदलला. संस्थेच्या दृष्टीने नाव संस्थेचे. खतावणीच्या दृष्टीने नाव त्याचे. त्याच्याशी संबंध चांगले असेपर्यंत हे दहा मिनिटांचे काम आहे. तो सापडला नाही, किंवा काही बरेवाईट झाले, तर पावत्या, ठराव, नोंदणी प्रमाणपत्र, मृत्यूचा दाखला अशी कागदपत्रे घेऊन रजिस्ट्रारशी पत्रव्यवहार करण्याची वेळ येते आणि त्यात मुदत संपून जाण्याची भीती असते.

म्हणून माणूस जवळ असतानाच धारक बदलून घ्यावा. सर्वांत सोपी वाट अशी : संस्थेने त्याच रजिस्ट्रारकडे आपले खाते उघडावे आणि सभासदाने आपल्या खात्यातून नाव त्या खात्यात ढकलावे. बहुतेक रजिस्ट्रार ही सोय देतात. मग धारकाच्या तपशिलात संस्थेचे पूर्ण नाव, पत्ता व ईमेल भरावा. जुन्या व नव्या अशा दोन्ही बाजूंची संमती ईमेलवर घेतली जाते. रजिस्ट्रारही बदलायचा असेल तर आधी रजिस्ट्रार बदलावा व नंतर धारक, म्हणजे ६० दिवसांच्या कुलपाची अडचण येत नाही. पैसे देऊन अनोळखी माणसाकडून नाव घ्यावयाचे असल्यास पैसे थेट देऊ नयेत. नाव ताब्यात येईपर्यंत रक्कम त्रयस्थाकडे ठेवण्याच्या एस्क्रो सेवा असतात, त्यांचा उपयोग करावा.

मुदत संपली तर

मुदत संपली म्हणजे त्याच दिवशी नाव जाते असे नाही. डॉट कॉमसारख्या नावात रजिस्ट्रारनुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत मिळू शकते. नाव रद्द झाल्यावर ३० दिवस जादा आकार भरून ते सोडवून घेता येते. त्यानंतरचे ५ दिवस काहीच करता येत नाही, आणि मग नाव सर्वांना खुले होते. काही रजिस्ट्रार तर सवलतीच्या काळातच नावाचा लिलाव मांडतात, म्हणून सवलतीवर विसंबू नये.

नाव दुसऱ्याने घेतले तर केवळ संकेतस्थळ जात नाही. जुन्या पावत्यांवरचा पत्ता पाहून येणारा देणगीदार नव्या धारकाच्या पानावर उतरतो, आणि तेथे कोणाच्या खात्याचा क्यूआर कोड लावलेला असेल हे सांगता येत नाही. त्याहून गंभीर गोष्ट ईमेलची आहे. त्या नावावर येणारे सगळे ईमेल नवा धारक घेऊ शकतो. शिष्यवृत्तीसाठी विद्यार्थ्याने पाठविलेले दाखले त्याच्या हाती पडतात. बँक, सरकारी पोर्टल किंवा समाजमाध्यमे यांना संस्थेने तोच ईमेल दिला असेल, तर पासवर्ड बदलण्याचे निरोपही त्याच्याकडे जातात. वर्षाच्या थोड्या रुपयांच्या चुकीने संस्थेची ओळखच दुसऱ्याच्या हाती जाते.

संस्थांनी काय करावे?

विश्वस्त बदलले की महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासाला ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज द्यावा लागतो. बँकेत नवा ठराव व नमुना सह्या द्याव्या लागतात. त्याच फाईलमध्ये डोमेन नावाचे एक पान जोडावे, अशी आमची सूचना आहे. त्या पानावर नाव, रजिस्ट्रार, धारक, नोंदलेला ईमेल, मुदतीची तारीख व पैसे कोठून भरले जातात, एवढे लिहावे. पासवर्ड त्या पानावर लिहू नये. तो बंद लिफाफ्यात कोषाध्यक्षांकडे ठेवावा व पदाधिकारी बदलले की बदलावा.

नोंदलेला ईमेल कोणा एकाचा खासगी नसावा, संस्थेचा असावा आणि तो किमान दोघे वाचणारे असावेत. शिवाय तो त्याच डोमेन नावावरचा नसावा. कारण नाव बंद पडले तर स्मरणपत्र येण्याची वाटही बंद होते. नूतनीकरण एकदम काही वर्षांचे करावे. तसेच 'तुमचे डोमेन संपत आहे, आजच पैसे भरा' असे अनोळखी ईमेल आले तर त्यातील दुव्यावर जाऊ नये. वहीतील पान काढून, स्वतः रजिस्ट्रारच्या खात्यात शिरून तारीख पाहावी.

विद्यार्थी मित्रांना एक विनंती आहे. अनेक संस्थांची संकेतस्थळे तुम्हीच तयार करून देता आणि ही मोठी सेवा आहे. ती करताना नाव पहिल्या दिवसापासून संस्थेच्या खात्यात नोंदवा, आणि काम सोपवताना पानांबरोबर खात्याची किल्लीही लेखी सोपवून पोच घ्या. आणि सभासदांनी पुढील कार्यकारिणीच्या बैठकीत हा एकच प्रश्न विचारावा : आपले डोमेन नाव कोणाच्या नावावर आहे आणि त्याची मुदत कोणत्या तारखेला संपते? उत्तर तत्काळ मिळाले नाही, तर त्याच बैठकीत एकाला हे काम नेमून द्यावे आणि इतिवृत्तात तशी नोंद करावी.